पंचमीला पावणेचार

दिवाळी जवळ आली की आमच्या कॉलनीत एक प्रश्न हमखास निघतो. पोरांना समुद्र बघायचाय, पण बरोबर गुडघेदुखीच्या सासूबाई आणि तिसरी-चौथीतली मुलं. तिथं जाऊन चार दिवस करायचं काय? बाकीच्या ठिकाणांचं सोपं असतं. अक्कलकोटला दर्शन, गाणगापूरला संगमावर स्नान, महाबळेश्वरला एकेक पॉइंट बघत फिरायचं. समुद्र मात्र एकदा बघून झाला, पाय भिजवून झाले, फोटो निघाले की पुढं काय, हे सोलापूरच्या माणसाला सुचत नाही.

सुचावं तरी कुठून? आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. पाण्याच्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवून टाकी, पिंप, कळश्या भरून घ्यायच्या, हे इथल्या घराघरात ठरलेलं. वर्षाला ५५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा भाग. सिंधुदुर्गात तोच आकडा ३००० च्या वर. पाण्याकाठी संध्याकाळ घालवायची म्हटली तर सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, जरा लांब जायचं तर हिप्परगा. ही तळी आपापल्या जागी थांबलेली असतात. सकाळी जा नाहीतर संध्याकाळी, काठ तिथंच असतो. त्यामुळे समुद्रही आपल्याला एक मोठं तळंच वाटतो, आणि तळ्याकाठी माणूस किती वेळ बसणार?

मला या प्रश्नाचं उत्तर मालवणात सापडलं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते मनापासून सांगते. समुद्र रोज दोनदा पुढं येतो आणि दोनदा मागं जातो. आपला दिवस त्याच्या हातात दिला की करायला काय आहे हे विचारावं लागत नाही. मागं जातो तेव्हा एक काम, पुढं येतो तेव्हा दुसरं, आणि मधल्या वेळात गाव. त्यासाठी गाव छोटं हवं, चालत किनारा गाठता यावा असं, आणि राहायचं कुणाच्या तरी घरात.

आम्ही भाऊबीज उरकून तृतीयेला पहाटे निघालो. सांगोला, मिरज करत दुपारी कोल्हापूर, रात्री तिथंच मुक्काम. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना हा रस्ता एका दिवसात तोडू नये असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. घाट उतरताना कान दडपतात आणि काच खाली केली की अंगाला ओलसर हवा लागते. मग कणकवली, कसाल आणि मालवण.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या माळकरी. कार्तिकीला पंढरपूर चुकवायचं नाही, हा त्यांचा नेम, म्हणून दशमीच्या आत घरी परत यायचं या बोलीवरच त्या निघाल्या होत्या. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पंचांग. पंचांग कशाला, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "तिथी कळाय नको व्हय?"

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या काकींनी अंगणातच विचारलं, "खंयसून इलास?" सोलापूर म्हटल्यावर आधी चादरीची चौकशी झाली, मग पोरांनी समुद्रावर कधी जायचं ते विचारलं. काकी म्हणाल्या, उद्या पंचमी, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमाराला. सकाळी साडेनऊला पाणी पार मागं असेल, तेव्हा जा. माझ्या लेकीनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? काकींनी हिशोब सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता भरती पूर्ण. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि तेवढेच नंतर ओहोटी.

आत्या जात्यावर बसल्यासारख्या एका लयीत सुरू झाल्या. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार..." शाळा चौथीपर्यंत झालेली, पण पाऊणकी, निमकी, सवायकी, दीडकी सगळं तोंडपाठ. घरात त्याचा उपयोग उरलेला नव्हता. हिशोब मोबाइलवर होतात, आणि मुलांनी पाऊणकी हा शब्दसुद्धा ऐकलेला नव्हता. त्या दिवशी माझा पुतण्या, सातवीतला, कागद घेऊन आत्यांच्या शेजारी बसला आणि दोघांनी मिळून नवमीपर्यंतचं वेळापत्रक लिहून काढलं. षष्ठीला साडेचार. सप्तमीला सव्वापाच. अष्टमीला सहा. नवमीला पावणेसात. तो कागद आमच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज उठून आधी तिकडं बघायचं, मग चहा.

ही पाऊणपट येते कुठून, हे पुतण्याला समजावून सांगताना मलाही नीट कळलं. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्रही थोडा पुढं सरकलेला असतो, त्यामुळे तो परत डोक्यावर यायला चोवीस तासांच्या वर सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज साधारण तेवढीच उशिरा. जुन्या लोकांनी पन्नास मिनिटांचा पाऊण तास धरला आणि तिथीशी जोडून दिला. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. पाणी खूप वर चढतं आणि खूप मागं जातं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांग, चढउतार कमी. काकींचा हिशोब घड्याळाशी अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण चार दिवस फिरायला आलेल्या माणसाला तेवढा पुरतो. वाढत्या चंद्राची एकादशी, द्वादशी, पौर्णिमा मोजण्यात आयुष्य गेलेल्या आत्यांना त्याच तिथीवर समुद्र चालतो हे कळलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पंढरपुरात कळसाकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

पंचमीची सकाळ. पाणी लांब मागं गेलेलं, आणि मधे ओली, घट्ट, चालायला सोपी वाळू. आत्यांचे गुडघे कोरड्या वाळूत अडखळत होते, पण ओल्या वाळूवर त्या काठी न टेकता चालल्या. मोठ्या माणसांना किनाऱ्यावर न्यायचं तर ओहोटीला न्या, हे तेव्हाच ठरलं.

लेकीला वाळूवर नक्षी दिसली. एक बारीक छिद्र, आणि त्याच्याभोवती चारी दिशांना पसरलेल्या ओळीच ओळी. जवळ बसून बघितलं तर प्रत्येक ओळ वाळूच्या गोळ्यांची. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या गोल. असं एक छिद्र, पलीकडं दुसरं, मग शेकडो. अख्खा किनारा भरलेला. कोण करतं हे दिसेना. आम्ही गेलो की सगळं शांत. मग आम्ही तिघी-चौघं तिथंच वाळूत पोटावर पालथे पडलो आणि हलायचं नाही असं ठरवलं. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग छिद्राच्या तोंडाशी काहीतरी हललं आणि वाळूच्याच रंगाचा एक इवलासा खेकडा बाहेर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाला लावायची, तिच्यातलं खाण्यासारखं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकायची. एक पाऊल सरकायचं, पुन्हा तेच. हात इतके भरभर चालत होते की मोजता येईना. एक ओळ झाली की तो त्याच वाटेनं छिद्राकडं परत यायचा आणि नव्या दिशेनं दुसरी ओळ सुरू करायचा. पळून जायची वाट मोकळी राहावी म्हणून मधली गल्ली रिकामी.

माझी लेक एरवी एका जागी दहा मिनिटं बसत नाही. ती त्या खेकड्यापुढं ऊन चढेपर्यंत पडून होती. हनुवटीला वाळू, कोपर वाळूत रुतलेले, श्वास रोखलेला. मधेच फक्त एकदा माझ्याकडं न बघता कुजबुजली, "आई, त्याला पाणी यायच्या आत संपवायचंय." तिनं ते स्वतः शोधून काढलं होतं. भरती आली की सगळ्या गोळ्या विरघळणार, खेकडा बिळात जाणार आणि पुढच्या ओहोटीला कोऱ्या वाळूवर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. या बघण्याला एक पैसा लागत नाही. तिकीट नाही, रांग नाही, आणि तीन वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या माणसापर्यंत कुणालाही जमतं. मला विचाराल तर मुलांना समुद्रावर नेऊन पहिलं हेच दाखवावं.

त्याच ओहोटीला रॉक गार्डनच्या बाजूचे खडक उघडे पडतात. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात चिमुकले मासे, शंखात घर केलेले खेकडे, खडकाला चिकटलेली समुद्रफुलं. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. म्हणून दोन नियम मुलांना आधीच सांगितले होते. जिवंत काही उचलायचं नाही आणि प्रवाळावर पाय द्यायचा नाही. शंख घरी न्यायचा तर आधी उलटा करून आत कुणी राहतंय का ते बघायचं. आम्ही चतुर्थीच्या ऐवजी अमावस्येच्या जवळपास आलो असतो तर खडक आणखी उघडे मिळाले असते, असं काकी म्हणाल्या. दिवाळीची अमावस्या समुद्रावर घालवणं आमच्या घरात शक्य नाही, त्यामुळे ते राहिलं.

षष्ठीला सकाळी चिवला किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी पाण्यात मोठा अर्धगोल घेते, जाळं सोडत जाते, आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या दोन रांगांच्या हातात येतात. मग ओढायचं. माणसं दोर धरून मागं मागं जातात, रांगेच्या शेवटाला पोचलेला माणूस दोर सोडून पुढं पाण्याजवळ येऊन पुन्हा धरतो. बघणाऱ्यांपैकी कुणी हात लावला तर नको म्हणत नाहीत. माझा नवरा आणि पुतण्या रांगेत उभे राहिले. दोर खारट पाण्यानं जड आणि खरखरीत. पुतण्याचे तळवे लाल झाले तरी तो सोडेना. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडं सरकत येतात, जाळ्याचा पोटाचा भाग उथळ पाण्यात येतो आणि एकदम चांदीसारखं काहीतरी उसळायला लागतं. वर घारी घिरट्या घालत असतात. त्या दिवशी तारली जास्त, थोडे बांगडे आणि बरीच जेलीफिश. एवढ्या माणसांच्या एवढ्या वेळाच्या मेहनतीला ते फार नव्हतं. रापणीतले सगळे वाटेकरी. आलेल्यात वाटे पडतात, कमी आलं तर सगळ्यांचंच कमी. यांत्रिक बोटींवरून माशांचे थवेच्या थवे घेरणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांशी आणि रात्री एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीशी या लोकांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे, आणि रापणी कमी होत चालल्यात. मुलांना हे सांगायला हवं. जे ते हातानं ओढतायत ते उद्या असेलच असं नाही.

आत्या लांब सुरूच्या झाडाखाली पाठ करून बसल्या होत्या. मासे तडफडताना त्यांना बघवत नाही. तरी जाळं वर आल्यावर त्यांनी लेकीच्या हाती आमच्याकडची पाण्याची मोठी बाटली आणि गुळाचा खडा दोर ओढणाऱ्यांना पाठवला. "लई वढलंय लेकरांनी," एवढंच म्हणाल्या. रांगेतली लेकरं पन्नाशीची होती. त्यातल्या एकांनी तिथूनच हात जोडले.

किनाऱ्यावरच एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. माझे वडील यंत्रमागावर होते. धागा तुटला की माग थांबवून दोन बोटांत टोकं पकडून ते इतक्या झटकन गाठ मारायचे की गाठ दिसायची नाही, चादरीत कुठं तुटलं होतं ते हाताला लागायचं नाही. आजोबांनी जाळ्याचा फाटका भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणला होता. उजव्या हातात सुतानं भरलेली चपटी सुई. जाळ्याचं एकेक घर सारखं यावं म्हणून मापाची पट्टी डाव्या हातात. फेरा, ओढ, गाठ. फेरा, ओढ, गाठ. गाठ घट्ट करताना करंगळीनं धागा दाबायची लकब वडिलांचीच होती. मी त्यांना सोलापूरचं सांगितलं. त्यांनी आपल्या घरातली सोलापुरी चादर किती वर्षं टिकलीय ते सांगितलं आणि मला सुई धरायला दिली. मी मारलेली गाठ त्यांनी बोटानं ओढून बघितली आणि तशीच राहू दिली.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर आम्ही सप्तमीला गेलो. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात, पंधरा मिनिटांच्या आत पोचवतात आणि वर साधारण तासभर देतात. तासभर कमी पडतो. ४८ एकरांचं बेट आहे ते. जाण्याआधी दांडीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा मात्र जरूर बघावा. खडकावर कोरलेला गणपती, सूर्य, चंद्र. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी इथंच पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, असं सांगतात. तिथं गर्दी नसते, आणि त्या खडकाशी उभं राहून पलीकडं तटाकडं बघितलं की मुलांना एकदम कळतं की समोरचं बेट तेव्हा नुसता खडक होता. काम १६६७ ला पुरं झालं. पायात शिसं ओतलेलं आहे. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून घेतलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पुतण्याला आमच्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची सवय. खंदक, तट, आत बाग. इथं खंदकाच्या जागी समुद्रच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यात हा आहे, आणि त्याच यादीतला जिंजी तर पार तमिळनाडूत.

पण आमच्या घरातल्या सगळ्यांना तिथं खिळवून ठेवलं ते विहिरींनी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आत्या दूधबावीच्या काठाला हात टेकून आत बघत राहिल्या. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळं खोदवलं, त्या तळ्याला नमस्कार केल्याशिवाय आत्या पुढं जात नाहीत. इथंही त्यांनी आधी विहिरीला हात जोडले, मग शिवराजेश्वराच्या मंदिरात गेल्या. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर. तिथं महाराजांची पूजा होते. जवळच चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा महाराजांचा म्हणून दाखवतात. लेकीनं आपला हात हवेत त्याच्यासमोर धरून माप बघितलं. होडीवाल्याची शिट्टी वाजली तेव्हा आमचं अर्धं बेट बघायचं राहिलं होतं.

पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कूबा यांची तिथं रेलचेल आहे. ज्यांना हवं त्यांनी करावं. पुतण्यानं लाइफ जॅकेट घालून एक फेरी मारली आणि खूश झाला. मी त्यात मुलांचा फार वेळ घालवू देणार नाही, कारण ते दहा मिनिटांत संपतं आणि लगेच दुसरं हवं होतं.

पोहण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण आमच्याकडची मुलं विहिरीत शिकलेली असतात. पुतण्या मोहोळजवळच्या आमच्या गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकला, आता उंचावरून सूर मारतो. अशा मुलांची जास्त काळजी घ्यावी लागते. विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जातं, आणि बऱ्याचदा ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, म्हणून बाहेरून आलेली माणसं नेमकी तीच जागा निवडतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं जोर लावायचा नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग लाटेबरोबर आत यायचं. पोहता येत असो वा नसो, ओहोटी लागली की मुलांना गुडघ्याच्या पुढं जाऊ द्यायचं नाही, असं काकींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि प्रत्येक किनारा वेगळा, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एखाद्या माणसाला विचारायचं. आम्ही रोज विचारलं. कुणीही कंटाळून उत्तर दिलं नाही.

जेवणाचं अनेकांना वाटतं की शाकाहारी माणसाचे किनाऱ्यावर हाल होतात. आत्यांनी तिथं जे खाल्लं ते त्या अजून सांगतात. सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाहीतर घावन आणि चटणी. दुपारी काळ्या वाटाण्याची आमटी, भात, सोलकढी. एकदा नारळाच्या गोड रसात बुडवलेली खापरोळी. काकींनी त्यांच्यासाठी भांडी वेगळी काढून ठेवली होती, न सांगता. आम्ही बाकीचे मासे खाणारे. सुरमईचा तुकडा ताटात आला की आत्या आपलं ताट घेऊन पडवीत जायच्या आणि काकीही आपला चहा घेऊन त्यांच्या सोबतीला जायच्या. कडक भाकरीचं मात्र विशेष झालं. घरी महिनाभर राहिली तरी मोडताना कडकन आवाज करणारी भाकरी त्या हवेत दुसऱ्याच दिवशी नरम पडली, चामड्यासारखी वळायला लागली. काकींनी ती मंद तव्यावर परत शेकून कडक केली, शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली आणि कृती लिहून घेतली. टॉवेलही वाळेनात. सोलापुरात दोरीवर टाकलेला टॉवेल आंघोळीहून पुढचा माणूस येईपर्यंत वाळतो. तिथं दिवसभर ओलाच. जाताना दुप्पट न्या.

आणि एक, बायकांसाठी. सुट्टीत घरातली बाई बऱ्याचदा फक्त स्वयंपाकघर बदलते. हॉटेलात राहिलं तरी मुलांचं खाणं, म्हाताऱ्यांचं पथ्य, कुणाला काय चालतं याचा हिशोब तिच्याच डोक्यात. काकींच्या घरात तो हिशोब त्यांनी घेतला. मला दुपारी झोप लागली. उठले तर पाणी परत चढायला लागलं होतं आणि मुलं कागद बघून स्वतःच चपला घालून उभी होती.

अष्टमीला वेंगुर्ल्याच्या बाजूला गेलो. तिथं मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं, झाडावरच मोड येऊन लोंबणाऱ्या कांदळाच्या शेंगा. वल्हवणाऱ्या ताईंनी तिवराचं एक पान तोडून लेकीला चाटायला सांगितलं. खारट! मुळांतून आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. तिनं ते पान पुढच्या माणसाला, त्यानं त्याच्या पुढच्याला, असं होडीभर सगळ्यांकडून चाटवून घेतलं. आत्यांनीसुद्धा.

परतीच्या दिवशी बाजारातून खाजं घेतलं, गुळाचं, आल्याच्या चवीचं. कोकम आगळाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या. काकींना आम्ही घरून नेलेली चादर दिली. आत्या आणि काकी निरोपाच्या वेळी एकमेकींशी काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण तेव्हापासून दर एकादशीला काकींचा फोन येतो.

यंदा कॉलनीतल्या दोन घरांना मी तिथीचा कागद करून दिलाय. कोणाला खडक आणि शंख बघायचे त्यांनी अमावस्या-पौर्णिमेच्या दोन दिवस पुढं-मागं जावं, सकाळ-संध्याकाळ किती वाजता पाणी मागं असेल ते आधी काढून. ज्यांची मुलं अगदी लहान आहेत त्यांनी सप्तमी ते दशमी धरावी, चढउतार कमी असतो. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही थांबतात, तेव्हा दिवाळी ते मार्च उत्तम.

आमच्या घरात आता मार्चचं चाललंय. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तेव्हा अंड्यांतून बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला आणि वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी अंडी राखतात आणि बाहेर आलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात. ती आपापली चालत पाण्यात जातात. लेकीनं तिच्या वहीत फाल्गुनाच्या तिथ्या लिहून समोर पाऊणपट मांडलीय. आत्यांनी ती तपासली, द्वादशीला नऊच्या जागी तिनं साडेनऊ लिहिलं होतं ते दुरुस्त केलं आणि एकादशी सोडून कुठल्याही दिवशी निघायला आपली हरकत नाही असं सांगितलं.